हातमोजे

नावं बदलली आहेत. गाव बदललेलं नाही,
ओरुरोची थंडी दुसऱ्या कुठल्या गावाच्या माथी मारता येत नाही.

रविवारी मी वेदीच्या डावीकडे उभी असते.
पाद्री फाउस्तो बोलतात, मी हातांनी सांगते.
समोरच्या दोन बाकांवर अकरा जण,
काही जन्मापासूनचे बहिरे, काही खाणीतल्या सुरुंगांनी केलेले.
हातमोजे मी दारातच काढते.
मोजे घालून सांगणं म्हणजे तोंडात बटाटा ठेवून बोलणं.

पाद्री लांबण लावतात.
शब्द म्हणजे सुरुंगाची वात, म्हणतात,
पेटवणारा लांब उभा असतो, ढिगाऱ्याखाली भलताच.
वात, ढिगारा, धूळ, पुन्हा वात.
तोवर माझं तीन खुणांत आटोपलेलं असतं.
'बाकीचं कुठे गेलं?' त्यांनी एकदा विचारलं.
म्हटलं, 'फादर, ते नुसत्या आवाजातच होतं.'

त्यांना वाटतं, या दोन बाकांवर चहाड्या नसतात.
गुडघ्यांच्या आड बघा कधी,
बोटं कशी कुजबुजतात ती.

पापनिवेदन शनिवारी.
जाळीआडून हात दिसत नाहीत,
म्हणून आम्ही तिघं सामानाच्या खोलीत बसतो,
मेणबत्त्यांची खोकी, गव्हाणीच्या देखाव्यातला तीन पायांचा उंट.
दुभाषीचा 'मी' भाड्याचा असतो.
आजवर याच तोंडाने मी दारू प्यायलो आहे,
बायकोवर हात टाकला आहे,
शेजाऱ्याची लामा चालाकोत नेऊन विकून आलो आहे,
आणि मग बाहेर पडून, पाव घेऊन, घरी गेले आहे.

त्या शनिवारी सिरिलो आला.
एकतीस वर्षांपूर्वीचं, म्हणाला.
हात संथ, सांधे सुजलेले.
खाण. रात्र. पोतं.
मी सांगत गेले, 'कथिलाचं पोतं मी चोरलं.
साहेबाने विचारलं, कोणी नेलं?'
मग त्याने दोन बोटं वरच्या ओठावर ठेवली
आणि दोन्हीकडे ओढली.

आमच्यात नाव उच्चारत नाहीत, चेहऱ्यावर काढतात.
तशी पिळदार मिशी अख्ख्या खाणीत एकच होती,
आणि ती मुठीत धरून मी लहानपणी झोपायचे.

तो पाद्रींकडे बघत नव्हता.

वगळता आलं असतं.
'एकाचं नाव सांगितलं', एवढ्यावर भागलं असतं,
पाद्री तर नंतर आलेले, सांताक्रूझचे, ऊनवाल्या गावचे.
पण दुसऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही,
याचेच तर मी पैसे घेत नाही.
'मी खोटं बोललो,' मी म्हणाले,
'मी बेनिग्नो चोकेचं नाव घेतलं. त्याची नोकरी गेली.
तो पुन्हा कधी ताठ चालला नाही.'
शेवटचं वाक्य सिरिलोचं होतं की माझं,
आता खात्रीने सांगता येत नाही.

पाद्री बराच वेळ गप्प.
मग क्षमेचे शब्द म्हणाले. या वेळी मोजकेच,
एकही नुसत्या आवाजातला नव्हता.
आता ते पोचवायचे.
क्षमा माझी नव्हती. विहिरीवर रांग असते तशी
मी मधली होते फक्त, बादली घ्यायची, पुढे द्यायची.

मी खूण केली.

सिरिलोने भुवया आकसल्या.
पुढे वाकून माझ्या हातांकडे निरखून पाहिलं, मान हलवली.
समजलं नाही. पुन्हा सांग.

खाली पाहिलं तर हातांत मोजे तसेच,
आईने विणलेले, अल्पाकाचे, जाड.
त्याचं तोंडाने सांगत होते तोवर चालून गेले होते.

पाद्रींनी घड्याळाकडे पाहिलं नाही.
उंट तीन पायांवर उभा होता.
उजवा मी दातांनी ओढून काढला.
डाव्याला वेळ लागला.